हीट पंपाची पहिली जागा न्हाणीघरात

घर गरम ठेवण्याच्या यंत्रांवरून युरोपात गेली काही वर्षे मोठे राजकारण झाले आहे. नव्याने बसवलेल्या तापनव्यवस्थेतली किमान ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून यावी, असा कायदा जर्मनीने २०२३ मध्ये केला, तेव्हा सत्तारूढ आघाडीतल्या पक्षांमध्येच महिनोन्महिने भांडण चालले. इंग्लंडमध्ये गॅसचा बॉयलर काढून हवेतली उष्णता वापरणारा हीट पंप बसवणाऱ्याला सरकार ७,५०० पौंडांचे अनुदान देते, आणि तरीही बहुसंख्य घरे बॉयलरवरच चालतात. आपल्याकडे ही चर्चा थंड देशांची म्हणून बाजूला ठेवली जाते. मला ही चूक वाटते. हीट पंपाची बाजू ज्या हिशेबावर तिथे लंगडी पडते, तोच हिशेब महाराष्ट्रात त्याच्या बाजूने झुकतो, एवढेच की इथे त्याने गरम करायचे ते आंघोळीचे पाणी. थंडाव्यासाठी हेच यंत्र एसीच्या रूपाने घराघरांत शिरते आहेच. त्याला मात्र आपण फार सहज आत घेतो आहोत. पाण्यासाठी हीट पंपाला पुढे आणावे आणि खोली थंड करण्यासाठी त्याला शेवटचा क्रम द्यावा, असे माझे मत आहे, आणि त्यामागची कारणे इथे मांडतो.

आधी यंत्र काय करते ते पाहू. गिझरमधली कांडी विजेची उष्णता करते. एक युनिट वीज दिली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त कधीच नाही. हीट पंप बाहेरच्या हवेत आधीच असलेली उष्णता उचलतो आणि पाण्यात आणून सोडतो. त्याच्या नळ्यांमधून फिरणारा शीतक, म्हणजे फ्रिज-एसीत भरतात तो गॅस, कमी दाबाखाली अगदी थंड हवेतही उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तशी ती चांगलीच तापते. मग टाकीभोवतीच्या नळीत ती पुन्हा द्रवरूप होते आणि उष्णता पाण्याला देते. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. दहा अंशांची हवा आपल्याला बोचते, पण निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या उणे २७३ अंशांपासून, मोजले तर ती २८३ केल्विनवर असते, म्हणजे तिच्यातून उचलण्यासारखी उष्णता भरपूर असते. घर तापवण्यासाठी अशी युक्ती वापरता येईल, हे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच मांडले होते, आणि त्यानंतर काही वर्षांतच ऑस्ट्रियातल्या एबेनझे इथल्या मिठागराच्या कारखान्यात पेटर फॉन रिटिंगर यांनी तिचा प्रत्यक्ष वापर करून पाहिला. तेव्हा हे तंत्र नवखे नाही. प्रत्येक फ्रिजच्या पाठीमागे ते रोज काम करते.

एका युनिट विजेमागे किती युनिटे उष्णता मिळाली, या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. वीस अंशांच्या हवेतून उष्णता घेऊन पंचावन्न अंशांचे पाणी करायचे असेल, तर निसर्गनियमांनी घातलेली कमाल मर्यादा नवाच्या थोडी वर येते. प्रत्यक्षातली चांगली यंत्रे तिथे तीन ते साडेतीनच्या आसपास असतात. हवा आणि पाणी यांच्या तापमानांतले अंतर जितके कमी, तितका हा आकडा चांगला. पुढच्या सगळ्या युक्तिवादात ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा कामाला येणार आहे.

ब्रिटनमधल्या अडचणीचे मूळ यंत्रात कमी आणि दरांत जास्त आहे. तिथे विजेचे एक युनिट गॅसच्या एका युनिटाच्या सुमारे चौपट महाग पडते. सीओपी तीन असलेला हीट पंप गॅसच्या बॉयलरपुढे उभा केला, तर ऊर्जा तिपटीने कमी लागूनही बिल फारसे उतरत नाही, काही घरांत वाढतेसुद्धा. त्यात भर म्हणजे जुनी, फटी असलेली घरे आणि खूप गरम पाण्यावर चालणारे लहान रेडिएटर. लंडन किंवा मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी हीट पंपाविषयी नाराजी बोलून दाखवली, तर तिच्यामागे बहुधा यांपैकी काहीतरी असते. महाराष्ट्रातल्या शहरी घरात हीट पंपाचा सामना मुख्यतः विजेच्या कांडीशी आहे. म्हणजे दोन्हीकडे इंधन एकच, दर एकच. सीओपी दोन असला तरी बिल निम्मे, तीन असला तर तिसरा हिस्सा. थंड हवेत हीट पंप चालत नाही, हा आक्षेप तर इथे उद्भवतच नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि निफाडला द्राक्षबागायतदार दरवर्षी थंडीची धास्ती घेतात. पण ज्या नॉर्वेत साठ टक्क्यांच्या आसपास घरांत हीट पंप आहेत, तिथल्या हिवाळ्यापुढे ही थंडी काहीच नाही.

आता आकडे मांडू. चार माणसांच्या घराला थंडीच्या दिवसांत साधारण शंभर लिटर गरम पाणी लागते असे धरले आणि नळाचे पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचे ठरवले, तर त्याला २.९ युनिटे उष्णता लागते. टाकी उभ्याउभ्या जी उष्णता गमावते ती मिळवून गिझर रोज सव्वातीन युनिटांच्या आसपास वीज घेतो; हीट पंप तेवढेच काम एका युनिटाच्या थोड्या वर करतो. रोजची बचत सुमारे २.२ युनिटांची. वर्षातले तीनशे दिवस गरम पाणी वापरणाऱ्या घरात ती ६६० युनिटांवर जाते, आणि युनिटाला दहा रुपये धरले तर साडेसहा हजार रुपयांवर. आपल्या वीजबिलात शंभर युनिटांच्या पुढच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास जातो, आणि वाचणारी युनिटे नेहमी वरच्या टप्प्यातली असतात. त्यामुळे ज्यांचे बिल मुळात मोठे आहे त्यांची बचत यापेक्षा जास्त असेल.

तरीही छोट्या कुटुंबाला उठून हीट पंप घ्या, असे मी सांगणार नाही. साठवणीचा साधा गिझर आठ-दहा हजारांत मिळतो. घरगुती हीट पंपाची किंमत त्याच्या कित्येक पट असते, आणि वरच्या हिशेबाने ती वसूल व्हायला सात-आठ वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. सदनिकेत जागेचाही प्रश्न असतो. पंधरा-पंचवीस लिटरचा गिझर न्हाणीघराच्या दारावर टांगता येतो. दीडशे-दोनशे लिटरची टाकी आणि तिच्यावर पंख्याचा घरघरणारा भाग यांना ड्राय बाल्कनी तरी लागते, नाहीतर गच्ची. पाणी तापायला काही तास लागतात, त्यामुळे घरात अचानक आठ पाहुणे उतरले तर टाकी पुन्हा तापेपर्यंत थांबावे लागते. बोअरवेलचे पाणी क्षारांचे असेल, तर टाकी आणि नळ्या यांची निगा गिझरपेक्षा जास्त काळजीने घ्यावी लागते, आणि तालुक्याच्या गावी हे यंत्र उघडून दुरुस्त करणारा कारागीर मिळेलच असे नाही. हे सगळे आक्षेप खरे आहेत, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ते सापडत नाहीत.

पण हेच यंत्र एका घराऐवजी पुष्कळ माणसांसाठी एकत्र बसवले की चित्र पालटते. दोनशे विद्यार्थ्यांचे वसतिगृह घ्या. माणशी चाळीस लिटर म्हणजे रोज आठ हजार लिटर पाणी. पंचवीस अंशांनी ते तापवायला सुमारे २३२ युनिटे उष्णता लागते. कांडीने तापवले तर तितकीच वीज, हीट पंपाने तापवले तर ७७-७८ युनिटे. रोजची बचत १५५ युनिटांची, दहा रुपये दराने दीड हजार रुपयांहून जास्त, आणि तीनशे दिवसांची साडेचार लाखांहून जास्त. इतक्या बचतीपुढे यंत्राची किंमत फार काळ अडत नाही. रुग्णालये, वसतिगृहे, पोलिसांच्या वसाहती, वृद्धाश्रम, मोठ्या सोसायट्या ही या यंत्राची खरी घरे आहेत. जागा गच्चीवर मिळते, देखभालीचा करार एकाच संस्थेशी होतो आणि एखाद्या दिवशीची जास्तीची मागणी मोठ्या टाकीत मुरून जाते.

बिलापलीकडची एक बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती क्वचितच बोलली जाते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. बाकीची चिमणीतून आणि शीतकरण मनोऱ्यांतून निघून जाते. म्हणजे चंद्रपूरला तीन भाग उष्णता जाळून एक भाग वीज करायची, ती शेकडो किलोमीटरच्या तारांवरून पुण्याला आणायची, आणि न्हाणीघरातल्या कांडीत तिची पुन्हा उष्णताच करायची. ऊर्जेचा इतका वाया वापर आपल्या घरांत दुसरा नाही. हीट पंप एका युनिटामागे तीन युनिटे उष्णता देतो, तेव्हा तो केंद्रात गमावलेले दोन हिस्से सभोवतालच्या हवेतून परत मिळवून देतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. त्याची राख आणि धूर तिथल्या माणसांच्या वाट्याला येतो आणि वीज राज्यभर जाते. मुंबई-पुण्यातल्या घरांनी पाणी तापवण्याची पद्धत बदलणे हे त्या जिल्ह्याचे देणे आहे, असे मी मानतो.

वेळेचाही प्रश्न आहे. थंडीत सकाळी सहा ते आठ या दोन तासांत गावातले सगळे गिझर एकदम लागतात. दोनशे सदनिकांच्या सोसायटीत त्या वेळी दोन किलोवॉटचे शंभर गिझर चालू असतील, तर भार दोनशे किलोवॉटचा झाला, आणि नेमका तेव्हा सूर्य कामाला आलेला नसतो, त्यामुळे हा भार मुख्यतः कोळशावर पडतो. साठवणीचा हीट पंप दुपारी एक ते तीन या वेळात चालवता येतो. तेव्हा सौरवीज भरपूर असते, आणि तेव्हाच हवाही सर्वांत उबदार असते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंशांच्या हवेतून उष्णता ओढण्याऐवजी दुपारच्या अठ्ठावीस-एकोणतीस अंशांच्या हवेतून ओढली, तर कॉम्प्रेसरला चढायचा चढ बराच कमी होतो आणि तेच यंत्र कमी विजेत तेच काम करते. चांगल्या आच्छादनाच्या टाकीत हे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरेसे गरम राहते. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर सवलत देण्याची पद्धत राज्यात सुरू झाली आहे. तिचा उपयोग करून घेण्याजोगे घरातले सर्वांत सोपे काम हेच आहे, कारण यात कोणाच्याही दिनक्रमाला हात लावावा लागत नाही.

गॅस गिझरचे समर्थक म्हणतील की गॅस स्वस्त पडतो. तपासून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटे उष्णता असते. गिझर त्यातली ऐंशी टक्के पाण्यात उतरवतो असे धरले तर १४५ युनिटे हाती लागतात. सिलिंडरला ८७० रुपये धरले, तर उष्णतेचे एक युनिट सहा रुपयांना पडले. वीज बारा रुपयांनी घेतली आणि सीओपी तीन धरला, तर हीट पंपाचे युनिट चार रुपयांना पडते. कांडीपुढे गॅस स्वस्त ठरतो हे खरे आहे आणि म्हणूनच तो इतका पसरला, पण हीट पंपापुढे तो मागे पडतो. शिवाय आपल्या देशात जळणाऱ्या एलपीजीचा मोठा हिस्सा आयात होतो. आणि हवा खेळती नसलेल्या लहानशा न्हाणीघरात गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. त्या वायूला रंग नाही, वास नाही; आत गेलेल्या माणसाला आपण गुदमरतो आहोत हे कळतसुद्धा नाही. एवढा एकच मुद्दा माझ्यासाठी पुरेसा आहे.

सौर बंबाची गोष्ट वेगळी. बैठे घर किंवा तीन-चार मजली इमारत असेल आणि गच्ची मोकळी असेल, तर सौर बंबाइतके चांगले दुसरे काही नाही. ऊन फुकट आहे आणि बिघडण्यासारखे भाग जवळजवळ नाहीत. पुणे महापालिका अशा सोयींसाठी मिळकतकरात सवलत देते, ते योग्यच आहे. अडचण उंच इमारतींत सुरू होते. वीस मजली इमारतीतल्या ऐंशी सदनिकांच्या वाट्याला गच्चीचा येणारा तुकडा फार छोटा असतो, आणि त्यावर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अग्निशमनाची व्यवस्था आणि आता सौरवीज या सगळ्यांचा दावा असतो. अशा इमारतीत सौर बंबाची मुख्य नळी बरेचदा परतीच्या वाहिनीशिवाय, म्हणजे थंडावलेले पाणी पुन्हा टाकीकडे नेणाऱ्या नळीशिवाय, टाकलेली असते. मग खालच्या मजल्यावरची गृहिणी सकाळी नळ सोडते आणि नळीतले रात्रभर थंडावलेले पाणी निघून जाईपर्यंत दोन-तीन बादल्या भरतात. पहिल्या आठवड्यात ती त्या बादल्या फरशीला वापरते, महिन्याभरात नळ तोडून गिझर लावते. गच्चीवरचे बंब तसेच उभे राहतात, भोगवटा प्रमाणपत्रासाठी बसवलेले. पावसाळ्याचे चार महिने तर ढगांमुळे बंबाच्या पोटातली विजेची कांडीच काम करते. अशा इमारतींसाठी नियमाने सौर बंबाचा आग्रह धरून बसण्यापेक्षा गच्चीवर सौरवीज आणि मधल्या सेवामजल्यावर हीट पंप असा पर्याय मान्य करायला हवा. गच्चीच्या तितक्याच जागेत वीज तयार करून ती हीट पंपाला दिली, तर मिळणारी उष्णता सौर बंबाच्या तोडीस तोड येते, आणि गरम पाण्याची गरज नसेल त्या दिवशी ती वीज लिफ्टला आणि पंपाला वापरता येते, हा त्याचा वरचढ फायदा.

इथपर्यंत मी हीट पंपाची बाजू घेतली. तेच यंत्र खोली थंड करायला लागते तेव्हा माझा सूर बदलतो.

एसी हा हवेवर चालणारा हीट पंपच आहे. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढतो, त्यात कॉम्प्रेसरची वीज मिसळते, आणि खिडकीबाहेर साडेसहा किलोवॉटच्या वर उष्णता पडते. गल्लीत दोन किलोवॉटचे तीन हीटर लावून ठेवावेत तसे हे आहे. एका घराचे हे गणित सहन होते. सगळ्या इमारतीचे होत नाही. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी इमारतींत बाहेरची युनिटे ज्या अरुंद डक्टमध्ये बसवलेली आहेत, तिथे मे महिन्यात दुपारी डोकावून पाहावे. तळमजल्याच्या युनिटाने सोडलेली तापलेली हवा वर चढते, पहिल्या मजल्याचे युनिट तीच ओढते आणि आणखी तापवून वर सोडते. दहाव्या मजल्यावरच्या माणसाने पाच तारे पाहून घेतलेला एसी प्रत्यक्षात पन्नास अंशांच्या आसपासच्या हवेत धापा टाकत असतो. त्याच डक्टमध्ये न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. आणि ज्यांच्याकडे एसी नाही, मागच्या चाळीतले, रस्त्यावर गाडी लावणारे, पहारेकरी, ती सगळी माणसे या उष्णतेचा भार बिल न भरता सोसतात. हा अन्याय आहे, आणि यंत्र कितीही कार्यक्षम झाले तरी तो पूर्ण जात नाही.

म्हणून खोलीत उष्णता येऊच कमी द्यायची, हे पहिले काम. छज्जा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा थर, उघडणाऱ्या समोरासमोरच्या खिडक्या यांत नवे काही नाही. आपल्या जुन्या वाड्यांनी आणि कोकणातल्या घरांनी हे सांभाळले होते. नव्या इमारतींनी पश्चिमेला छज्जा नसलेल्या मोठमोठ्या काचा लावल्या आणि तो भार एसीवर टाकला. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली. नकाशा मंजूर करतानाच ही मर्यादा तपासली गेली, तर पुढच्या पन्नास वर्षांची वीज वाचते. इमारत उभी राहिल्यावर करता येण्यासारखे फार थोडे उरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात कुलर हे आजही उत्तम साधन आहे. नागपूर-अकोल्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सोडून खोलीचे तापमान पुष्कळ उतरते, आणि त्याला एसीच्या मानाने फारच थोडी वीज लागते. किनाऱ्यावर मात्र कुलरचा उपयोग नाही, कारण दमट हवेत पाणी सुकतच नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत उकाड्याच्या रात्री आजारी, म्हाताऱ्या माणसाला एसी लागेल आणि तो मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप त्याच्यावर नाही. आक्षेप आहे तो अठरा अंशांवर लावून वर दुलई घेण्याच्या सवयीवर. एसीची सुरुवातीची खूण २४ अंशांवर ठेवण्याचा नियम जानेवारी २०२० पासून लागू आहे, आणि प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

थंडीत खोली तापवणारे उलटसुलट चालणारे एसीही बाजारात मिळतात. नाशिक किंवा नागपूरच्या एखाद्या घरात दम्याचा रुग्ण असेल, तर कांडीच्या हीटरपेक्षा ते निश्चित बरे. बाकीच्यांनी वर्षातल्या थोड्या रात्रींसाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजू नयेत. आपल्या थंडीला गोधडी पुरते.

पाण्याचा हीट पंप आणि एसी या दोन्ही यंत्रांची एक दुखरी बाजू सारखीच आहे, ती शीतकाची. ओझोनचा थर विरळ करणारा आर-२२ मागे पडला, त्याच्या जागी आलेला आर-४१०ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट प्रभावी निघाला, आणि आज सर्वत्र दिसणारा आर-३२ सुमारे ६७५ पट आहे. दीड टनाच्या एसीत एक किलोच्या आसपास शीतक असतो. दुरुस्तीला आलेला कारागीर झडप उघडून जुना गॅस हवेत सोडतो आणि नवा भरून देतो, हे दृश्य इतके नेहमीचे आहे की आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आता वजन करून पाहा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर मोजलेली घरगुती हीट पंपाची वार्षिक ६६० युनिटांची बचत म्हणजे साधारण ४६० किलो. एक किलो आर-३२ हवेत सोडला की ६७५ किलोंचा बोजा पडतो, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाची बचत पाच मिनिटांत गेली. कारागिराला दोष देणे सोपे आहे, पण त्याला गॅस परत गोळा करण्याचे यंत्र कोणी दिलेले नाही, आणि त्या कामाचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो. आयटीआयच्या अभ्यासक्रमात आणि प्रत्येक देखभाल-करारात ही अट यायला हवी, आणि गोळा केलेल्या शीतकाला किंमत मिळायला हवी.

चांगला पर्याय आपल्या दाराशी आहे. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याचा तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या तिपटीच्या आसपास, म्हणजे नगण्य. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ इथे गोदरेजने जर्मन सहकार्याने दहा वर्षांहून आधीच प्रोपेनवर चालणारे एसी बनवायला सुरुवात केली होती. प्रोपेन ज्वलनशील आहे, म्हणून यंत्रात तो थोडाच भरावा लागतो आणि प्रशिक्षित हातांनी भरावा लागतो. पण ज्या स्वयंपाकघरात चौदा किलोचा सिलिंडर रोज वापरला जातो, त्या घराला काहीशे ग्रॅम प्रोपेनची भीती दाखवणे पटत नाही. पाणी तापवण्याचा हीट पंप तर गच्चीवर किंवा बाल्कनीत, उघड्या हवेत असतो, म्हणून तिथे हा धोका आणखी कमी. ओझोनविषयीच्या माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने २०२८ मध्ये आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या शीतकांच्या वापराला मर्यादा घालण्याचे आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी उतरवण्याचे मान्य केले आहे. आज बसवलेले यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते. तेव्हा सरकारी खरेदीत तरी आजपासूनच आर-२९० ची अट घालणे शहाणपणाचे आहे.

शासनाने करण्यासारखे आणखी एक लहानसे काम आहे, पण त्याचा परिणाम मोठा होईल. गिझरवरच्या ताऱ्यांची पट्टी फक्त टाकी उभ्याउभ्या किती उष्णता गमावते तेवढेच मोजते. पाच ताऱ्यांचा गिझरसुद्धा पाणी तापवताना एका युनिटाला एकच युनिट उष्णता देतो, आणि दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला ते कळायला काही मार्ग नाही. त्याला वाटते यापुढे काही असूच शकत नाही. शंभर लिटर पाणी तापवायला किती युनिटे लागतात, हा एकच आकडा गिझर, सौर बंब आणि हीट पंप या तिन्हींवर मोठ्या अक्षरांत छापला, तर जाहिरातीची गरज उरणार नाही.

अनुदान द्यायचेच असेल, तर ते खासगी सदनिकांना देऊ नये. ज्यांना परवडते ते घेतील. विकास नियंत्रण नियमावलीत बदल करून ठरावीक उंचीपुढच्या नव्या इमारतींना मध्यवर्ती हीट पंप, परतीची वाहिनी आणि आच्छादित नळ्या सक्तीच्या कराव्यात. त्याचा खर्च सदनिकेच्या किमतीत दिसणारही नाही. सरकारी पैसा जावा तो आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांना आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांना. मोखाड्यात, अक्कलकुव्यात, धारणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मुलांना थंड पाण्याने आंघोळ करावी लागू नये, ही साधी मागणी आहे. जिथे सौर बंब आहेत आणि चालतात तिथे ते राहू द्यावेत. जिथे ते नादुरुस्त पडले आहेत किंवा कधी आलेच नाहीत, तिथे टाकीची जागा, विजेची जोडणी आणि पाण्याची प्रत पाहून हीट पंप बसवावेत, आणि यंत्राच्या खरेदीबरोबरच पाच वर्षांच्या देखभालीचा करार त्याच निविदेत असावा, म्हणजे पहिल्या बिघाडानंतर तेही गच्चीवर गंजत पडणार नाहीत. दोनशे मुलांच्या वसतिगृहाचा हिशेब वर दिला आहे. ज्या आश्रमशाळेत आज गरम पाणीच नाही तिथे बिलात बचत दिसणार नाही, उलट रोज ७५-८० युनिटांचा नवा खर्च दिसेल. वित्त विभागाने तो खर्च मान्य करावा.